अडसरबुवाची सावली

सोमवार, १४ जानेवारी

बाईंच्या कादंबऱ्यांवर टीव्ही मालिका होणार, हे आज पक्कं झालं. 'सात वेशींचं नगर', सहा खंड. मुलं उशाशी घेऊन झोपतात अशी पुस्तकं. त्या सहाही खंडांतला शब्दन् शब्द सर्वांत आधी टाइप करणारा, वाचणारा आणि त्यातल्या चुका काढणारा माणूस एकच, तो म्हणजे मी. शाळेनंतर मी कॉलेजची पायरी चढलो नाही. बाईंच्या इमारतीत तळमजल्यावरचं टायपिंग आणि पुस्तकबांधणीचं दुकान हेच माझं विद्यापीठ. दुसऱ्या खंडातला लाकडी पूल तिसऱ्यात दगडी झाला, तेव्हा तो पकडला मी, कुठल्या प्राध्यापकाने नाही. तेव्हापासून बाई मला 'मास्तर' म्हणतात.

आमची ओळखच मुळी भांडणातून झाली. बाई टाइप केलेली पानं न्यायला आल्या आणि पावती घरी विसरल्या. त्यांना मी ओळखत होतो, तरी पानं दिली नाहीत. 'मी चेहऱ्याला पानं देत नाही, पावतीला देतो,' म्हटलं. बिचाऱ्या जिना चढून पावती घेऊन आल्या. रागावल्या नाहीत. उलट पानं घेऊन बराच वेळ माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

तर आज निर्मात्यांची माणसं येणार म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घालून वर गेलो. पटकथा कोण लिहिणार, हा माझ्या मते प्रश्नच नव्हता. पटकथालेखनावरची दोन जाडजूड पुस्तकं मी गेल्या वर्षीच खुणा करून वाचली आहेत.

दिग्दर्शक म्हणाला, "आणि या आपल्या पटकथाकार."

तीस-बत्तिशीची मुलगी. एका पायात तांबडा मोजा, दुसऱ्यात हिरवा. विचार करताना चक्क शिट्टी वाजवते, तीही बाईंच्या खोलीत! मी तिचं नाव शिट्टीच ठेवलं आहे. तिने सहाही खंड 'एका दमात' वाचले म्हणे. एका दमात पाणी पितात, पुस्तकं नव्हेत.

माझी नेमणूक 'तपशील सल्लागार' म्हणून झाली. बायको म्हणाली, "सल्लागार म्हणजे मोठंच पद की हो!"

"मोठं कसलं. वरातीत पुढे चालायचं, घोड्यावर दुसराच."

जेवलो नाही. भूक होती.

बुधवार, २३ जानेवारी

पहिल्या भागाची संहिता घेऊन निर्मात्यांकडचा माणूस दुकानात आला. ओळखपत्रावर त्याला दाढी, प्रत्यक्षात सफाचट. त्याला दाराबाहेर थांबवून शिट्टीला फोन लावला. ती कुठल्याशा बैठकीत होती. माझा डबा घेऊन आलेली बायको म्हणाली, "अहो, बसू तरी द्या त्यांना. ऊन केवढं आहे."

"खातरी झाली की बसतील."

झाली आणि बसले. बायकोने त्याला पाणी देताना हळूच म्हटलं, "मनावर घेऊ नका. मलासुद्धा लग्नानंतर दोन वर्षांनीच आत घेतलंय." तो मोठ्याने हसला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

संहितेत चुका आहेतच. वेशीवरची घंटा पितळी असताना लोखंडी लिहिली आहे. छोटी राणी डाव्या वेशीने येते, शिट्टीने तिला उजवीने आणली आहे. एकेक चूक पृष्ठ क्रमांकासह लिहून पाठवली. संध्याकाळी तिचा फोन आला. "काका, सगळं मान्य! तुम्ही नसतात तर माझं काय झालं असतं हो?"

मी तिचा काका नाही. आणि इतक्या चटकन मान्य करणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

शनिवार, २ फेब्रुवारी

निळा कप गेला.

बाईंकडे चार पांढरे कप आणि एक निळा आहे. निळा माझा. असं कोणी ठरवलं नव्हतं, पण बावीस वर्षं चहा त्यातूनच मिळतो. आज वर गेलो तर शिट्टी माझ्या खुर्चीवर मांडी घालून बसली होती आणि निळा कप तिच्या हातात. बाई हसत होत्या, अगदी डोळे पुसून. मी आलो तशा दोघी गप्प झाल्या आणि मग एकमेकींकडे बघून पुन्हा फुटल्या.

"काही विनोद झाला का?" मी विचारलं.

"तुमचीच आठवण काढत होतो, मास्तर," बाई म्हणाल्या.

आठवण काढून हसतात का माणसं? शिवाय निळ्या कपाचा कान बोटाला टोचतो. हवाय कोणाला?

पण खरी जखम वेगळीच आहे. निघताना बाईंनी टेबलावरची हाताने लिहिलेली काही पानं तिला दिली. नवा प्रसंग, खास मालिकेसाठी लिहिलेला. बाईंच्या हातचं पान माझ्या दुकानातून न जाता दुसऱ्याकडे गेल्याचं मी आज पहिल्यांदा पाहिलं. शिट्टी ते स्वतःच लॅपटॉपवर उतरवणार. अनुस्वारांचं काय होईल देव जाणे.

जिना उतरताना वरून शिट्टी ऐकू येत होती. सुरात होती. तेही खटकलं.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

आजचा दिवस बरा गेला. अडसरबुवाची भूमिका करणारा नट दुकानात आला. नाटकांत मुरलेला, किडकिडीत, अदबशीर गृहस्थ.

आता, अडसरबुवा म्हणजे तसं किरकोळ पात्र. या नगरात ज्याची सावली पुरी भरेल त्यालाच प्रवेश; खोटं बोलणाऱ्याची सावली आखडते. अडसरबुवा थोरल्या वेशीचा द्वारपाल. येणाऱ्या प्रत्येकाची सावली दोरीने मोजतो, एकदा मोजून समाधान होत नाही म्हणून पुन्हा मोजतो, आणि दुसऱ्या खंडात तर खुद्द छोट्या राणीला दोन बोटं सावली कमी भरली म्हणून बाहेर उभी करतो. 'मी मुकुटाला दार उघडत नाही, सावलीला उघडतो.' पोरं या माणसावर का जीव टाकतात, मला कधी कळलं नाही. बाईंना वाचकांची सर्वाधिक पत्रं येतात ती त्याच्याच नावाने.

खरं पात्र महामंत्र्याचं. ताऱ्यांवरून सारं जाणणारा, राणीचा एकमेव विश्वासू, ज्याच्या सल्ल्यावाचून नगरात पान हलत नाही. आपण आजूबाजूच्या माणसांतूनच पात्रं उचलतो, असं बाईंनी एका मुलाखतीत सांगितलं आहे. महामंत्री कोणावरून उचलला, ते सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही. सुज्ञास सांगणे न लगे.

असो. नट बराच वेळ बसला. पुस्तकांबद्दल थोडं आणि इकडचं तिकडचंच जास्त विचारत राहिला. मी चष्मा शर्टाच्या टोकाने का पुसतो, गिऱ्हाइकाकडे मान कलती करून का बघतो, पावती फाडताना पट्टी का लावतो.

"डावखुरे का आपण?" त्याने विचारलं.

"जन्मापासून. शाळेत मार खाल्ला, पण हात बदलला नाही."

"वा!" म्हणाला आणि काहीतरी टिपून घेतलं. एवढा मोठा नट, पण शिकायला येतो तो माझ्याकडे, शिट्टीकडे नाही. माणसाची पारख असणारी माणसं अजून आहेत.

जाताना त्याने माझ्या दाराची कडी दोनदा हलवून पाहिली. बायकोला इतकं हसू आलं की तिला आत जावं लागलं. नटांच्या लकबींवर असं हसू नये, म्हणून मी तिला समज दिली.

बुधवार, १३ फेब्रुवारी

आज सगळ्यांनी गोल बसून संहिता वाचली. निर्मात्यांच्या कचेरीत एक लांबट खोली, मधोमध टेबलं, पाण्याच्या बाटल्या, प्रत्येकाच्या हातात पेन्सिल. मी बाईंच्या उजवीकडे बसणार होतो. तिथे शिट्टी आधीच बसली होती. मी डावीकडे बसलो.

अडसरबुवा राणीला अडवतो त्या प्रसंगाला खोली हसून हसून आडवी झाली. आणि दर हशाला सगळे माझ्याकडे बघत होते. तपशील बरोबर आहेत ना, याची खूण हवी असणार. मी मान हलवून देत होतो. त्यावर आणखी हसायचे.

मग शेवटचा भाग आला. राणीचं रूप घेतलेला शत्रू वेशीपाशी येतो. सगळं नगर फसतं, महामंत्रीसुद्धा. एकटा अडसरबुवा सावली मोजतो आणि फसत नाही. पण थोरल्या वेशीचा अडसर बाहेरच्या बाजूला असतो, म्हणून दार बंद करायला तो स्वतः बाहेर राहतो. पुस्तकात एवढंच आहे. शिट्टीने त्यात भर घातली आहे. दार लागता लागता फटीतून छोटी राणी विचारते, "अडसरबुवा, इतकी वर्षं तुम्ही स्वतः कधी आत का नाही आलात?"

आणि नट खाली बघून म्हणतो, "माझी सावली मोजायला कोणी नव्हतं."

खोलीत कोणाची पेन्सिल घरंगळली, तीही ऐकू आली. बाईंनी शिट्टीच्या हातावर हात ठेवला.

हे वाक्य पुस्तकात नाही. घरी येऊन मी पुन्हा तपासलं. नाही म्हणजे नाही. वाक्य वाईट असतं तर मी आज किती सुखाने झोपलो असतो! ते चांगलं आहे. बाईंना सुचलं नव्हतं असं चांगलं आहे. बावीस वर्षं या कागदांवर बसलो मी, आणि अंडं दिलं काल आलेल्या कोंबडीने.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

वाहिनीने दहा भागांचे आठ केले. एक धागा संपूर्ण काढायचा: महामंत्र्याचा किंवा अडसरबुवाचा. महामंत्री गेला तर त्याचं काम राणी स्वतः करेल. अडसरबुवा गेला तर वेशीवर साधे शिपाई उभे राहतील. दिग्दर्शकाला महामंत्री हवा, कारण त्याचे कपडे झोकदार आहेत. शिट्टी अडसरबुवासाठी टेबल वाजवून भांडली.

करारानुसार शेवटचा शब्द बाईंचा. बाई म्हणाल्या, "मला दोघंही सारखेच. मास्तर ठरवतील. सोमवारी सांगा, मास्तर."

शिट्टी माझ्याकडे बघत होती. पहिल्यांदाच तिला माझ्याकडून काहीतरी हवं होतं.

शनिवार, २३ फेब्रुवारी

अडसरबुवा जाईल.

कारणं मुद्देसूद लिहून काढली आहेत. तो कथेचा वेग रोखतो. एकच विनोद पुन्हा पुन्हा करतो. त्याला नगराच्या राजकारणातलं काही कळत नाही. कारणं तिन्ही खरी आहेत. पण दैनंदिनीत तरी खोटं कशाला? तो गेला की ते वाक्य जाईल. मला शिट्टीचं तोंड बघायचं आहे.

बायकोला निर्णय सांगितला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. थांबली.

"अडसरबुवाला काढणार? तुम्ही?"

"त्यात एवढं काय? आणि महामंत्र्याला काढून कसं चालेल?"

"का नाही चालणार?"

"अगं, तो बाईंनी कोणावरून…" म्हणालो आणि थांबलो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग घडी केलेला टॉवेल तोंडाला लावून हसत सुटली. हसता हसता गप्प झाली. "नीट विचार करा हो," एवढंच म्हणाली आणि तोच टॉवेल पुन्हा उलगडून पुन्हा घडी केला.

सोमवार, २५ फेब्रुवारी

वर गेलो. शिट्टी नव्हती. बाईंनी चहा ओतला, निळ्या कपात. मी कारणांचा कागद काढणार तोच म्हणाल्या, "निर्णय नंतर. आधी नेहमीसारखं एक विचारते."

लिहिताना अडल्या की बाई मला असेच प्रश्न विचारायच्या. अमुक झालं तर काय कराल, मास्तर? मी सांगायचो, त्या लिहून घ्यायच्या. महामंत्र्यासाठी सल्लामसलत चालली आहे, असं मला वाटायचं.

"राणी दारात आहे आणि सावली दोन बोटं कमी भरली."

"पुन्हा मोजायची."

"पुन्हाही कमीच."

"तर राणी बाहेर."

"सगळं नगर शिव्या देईल."

"देऊ दे. शिव्या दिल्याने सावली वाढत नाही."

बाई हसल्या. "आणि तारे बघून राज्य कसं चालवावं, याबद्दल तुमचं काय मत?"

मी विचार केला. मला काहीच सुचलं नाही.

"चहा निवतोय," त्या म्हणाल्या.

कागद खिशातच राहिला. दोन-तीन दिवसांनी सांगतो म्हटलं आणि खाली आलो. दुकान बंद केलं, कडी घातली. सवयीप्रमाणे एकदा हलवली. दुसऱ्यांदा हलवली.

हात कडीवरच राहिला.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

बायकोला विचारलं, "तुला केव्हापासून ठाऊक?"

"दुसऱ्या खंडापासून." तिने कशाबद्दल तेही विचारलं नाही.

"मग सांगितलं का नाहीस?"

"मंत्री होऊन खूश होतात. म्हटलं, बसू दे गादीवर."

म्हणजे त्या खोलीत दर हशाला माना माझ्याकडे वळत होत्या, आणि मी मान हलवत होतो! दिग्दर्शकाला ठाऊक, नटाला ठाऊक. शिट्टीला तर पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. सगळ्या मुलखाने मला दोरी घेऊन उकिडवं बसलेलं वाचलं आहे आणि सगळे पोट धरून हसले आहेत.

"मग तर त्याला काढायलाच हवं," मी म्हणालो. "लोकांनी आता टीव्हीवरही हसायचं का मला?"

"हसतातच. आणि सहाव्या खंडात रडतात ते कोणासाठी हो? मंत्र्यासाठी रडलेलं एक माणूस दाखवा मला."

दिवसभर एकही पान धड टाइप झालं नाही. एका अर्जात तारीख चुकली. माझ्या हातून.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

शिट्टीच्या कचेरीत गेलो. छोटी खोली, एका भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या. एकेक चिठ्ठी म्हणजे एकेक प्रसंग. अडसरबुवाच्या पिवळ्या. मी गेलो तेव्हा ती खुर्चीवर चढून त्या एकेक करून काढत होती. मी काय ठरवणार हे तिने ओळखलं होतं. नाक लाल झालं होतं.

"या सर. थोड्याच राहिल्यात."

'काका'वरून 'सर'वर आली होती. हवं ते मिळालं, पण चव लागली नाही.

"लावा परत," मी म्हणालो.

"काय?"

"महामंत्री काढा. सावलीचं सूत्र पहिल्या भागात सुरू होतं. ते मोजणाराच नसेल तर शेवट लटकेल. तपशिलाचा प्रश्न आहे, दुसरं काही नाही."

ती खुर्चीवरून उतरलीच नाही. वरूनच बघत राहिली. "तुम्हाला कळलं?"

"काय कळायचं?"

"काही नाही," ती म्हणाली आणि बाहीने नाक पुसलं. रुमाल वापरत नाही ही मुलगी.

मग मी एकेक पिवळी चिठ्ठी तिच्या हातात देत गेलो, ती लावत गेली. तिसऱ्या भागात दोरीला गाठी दाखवल्या आहेत, त्या नकोत, गाठीने माप चुकतं, हेही सांगितलं. शेवटची चिठ्ठी हातात आली. तिच्यावर ते वाक्य होतं. मी ती जरा जास्त वेळ धरून ठेवली.

"हे तुम्हाला कसं सुचलं?"

"मी बाईंकडे यायचे तेव्हा तुम्ही दारातच उभे असायचा. 'येऊ का' विचारायचा. बावीस वर्षं येताय म्हणाल्या बाई, आणि अजून विचारताय."

तिचा हेवा मात्र गेलेला नाही. जाईल असं वाटतही नाही. ते वाक्य माझं होतं, आणि ते मला सुचायला हवं होतं.

बुधवार, १२ जून

वेशीचं चित्रीकरण. फळ्यांचं आणि रंगाचं दार, पण अडसर खऱ्या लाकडाचा, वजनदार. घंटा पितळी. मी हात लावून पाहिली. दुपारी शेवटचा प्रसंग झाला. दिग्दर्शकाने विचारलं, "सल्लागार, काही चूक?" मी 'नाही' म्हणालो.

शनिवार, १२ ऑक्टोबर

आज एका चित्रपटगृहात आम्हा सगळ्यांसाठी मालिकेचे आठही भाग लागोपाठ दाखवले. बाई मध्ये, त्यांच्या उजवीकडे शिट्टी. मी बायकोबरोबर मागच्या रांगेत बसलो. तिथून सगळ्यांची डोकी दिसतात.

नटाने कमाल केली आहे. मान कलती, चष्म्याऐवजी दोरी शर्टाच्या टोकाने पुसतो. सात भाग सगळं डाव्या हाताने करतो: दोरी धरतो, कडी हलवतो. लोक हसले. मला आज वाईट वाटलं नाही. वाटला तो हेवा, आणि तोही पडद्यावरच्या माणसाचा. माझ्यासारखाच असून त्याच्यावर सगळ्यांचा केवढा लोभ!

शेवटच्या भागात तो बाहेर राहिला. फटीतून राणीने विचारलं, त्याने सांगितलं. दार लागलं. त्याने अडसर उचलला. समोरच्या रांगांत नाकं ओढल्याचे आवाज येत होते. शिट्टी बाहीच वापरत होती.

मी बायकोच्या कानाशी लागलो. "चूक आहे."

"कुठे?"

"अडसर उजव्या हाताने उचलला त्याने. वजनाने विसरला. तो डावखुरा आहे."

"पुस्तकात कुठे लिहिलंय तसं?"

"पुस्तकात नाही."

तिने अंधारात चाचपून माझा डावा हात हातात घेतला आणि दिवे लागेपर्यंत सोडला नाही.

त्या प्रसंगाच्या चित्रीकरणाला मी तिथेच, कॅमेऱ्याच्या बाजूला उभा होतो. एवढी ढळढळीत चूक माझ्या नजरेतून कशी सुटली, ते मला ठाऊक आहे. त्या वेळी मी चष्मा पुसत होतो.